मागच्या खोलीचा चहा

त्या सकाळी समीक्षा निघाली होती ती नुसते पाव आणायला. पिशवी घेतली, चपला घातल्या, अंगण ओलांडलं, फाटकाच्या कडीला हात लावला. लोखंड दंवानं गार लागलं, इथवर तिला नीट आठवत होतं. भानावर आली तेव्हा ती स्वयंपाकघरात गॅससमोर उभी होती. चहाला उकळी फुटत होती. रिकामी पिशवी खांद्याला तशीच.

दगदगीनं होतं असं, तिनं स्वतःला सांगितलं. या महिन्याची पाळी लांबली तीही त्यानंच. दगदग खरीच होती. कोपरचा फ्लॅट विकून तिनं आणि गुरुदत्तनं ओवळ्याच्या पुढे, खाडीकडे उतरणाऱ्या वाटेवरचं हे बैठं घर घेतलं, त्याला तीन आठवडे झाले होते. आधीच्या मालकीणबाई, डॉरिस आंटी, इथं होमस्टे चालवायच्या. राहायला खोली आणि सकाळचा नाश्ता. या दोघांनाही तेच करायचं होतं. गुरुदत्त खोपटच्या एसटी डेपोत नोकरीला. सकाळी जायचा, दिवेलागणीला यायचा. घर समीक्षाच्या अंगावर.

ती पुन्हा निघाली. पुन्हा कडीचा गारवा, आणि मग एकदम उकळी. मधली पावलं कुठे गेली ते कळेना. आपण शेवटचं फाटकाबाहेर कधी पडलो? सामान टेम्पोतून उतरवलं त्या दिवशी. त्यानंतर दूध, भाजी, सगळं गुरुदत्तच आणत होता आणि तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

दहाच्या सुमाराला सुदेशचा, तिच्या भावाचा, फोन आला.

"ताई, आईला ॲडमिट केलंय. डॉक्टर म्हणाले, जवळच्यांना बोलवून घ्या. ती सारखी तुलाच विचारतेय."

"निघालेच," ती म्हणाली.

रिक्षा दारात बोलावली. अर्ध्या तासानं रिक्षावाला फाटकातून आत डोकावून हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, तुम्हाला बरं नाही काय? चार वेळा इथपर्यंत आलात नि वळलात. वळताना 'आणते हं, आणते हं' म्हणता. आत कोण हाक मारतंय?"

तो भाडं न मागताच निघून गेला.

तेव्हा तिला पहिली सकाळ आठवली. सगळं दाखवायला म्हणून डॉरिस आंटी एक रात्र थांबल्या होत्या. सकाळी दोघी स्वयंपाकघरात असताना मागच्या खोलीचं दार आतून वाजलं. थकल्या, म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज आला, "चहा मिळेल का?" आंटींचा पाहुणा असेल असं वाटून समीक्षा म्हणाली होती, "आणते हं." ते ऐकताच आंटींनी चपला घातल्या आणि बॅगसुद्धा न घेता चालू लागल्या. तेव्हापासून समीक्षा रोज त्या उंबऱ्याशी कप ठेवत होती. कप रिकामा, पालथा मिळायचा. आपण हे का करतो, असं तिनं एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं.

तिनं आंटींना फोन लावला. सगळं सांगितलं.

"कोण आहे त्या खोलीत, आंटी?"

"मी दार कधी उघडलं नाय, बाय."

"माझी आई जातेय..."

"माझा नवरा, वॉल्टर, गेला तवा मला त्याच्या मातीला जाता आलं नाय. चर्चची घंटा मी या घरातून ऐकली." त्या घाईघाईनं बोलत होत्या. "दुसरं कुणी हाकेला ओ दिली की पहिलं सुटतं. मी तुझ्यावर पाप केलं." फोन बंद झाला.

गुरुदत्त आला तेव्हा उजेड सरत होता, खाडीच्या चिखलाचा खारट वास अंगणात भरला होता. तिनं सगळं सांगितलं तेव्हा तो हसला नाही. तिला हाताला धरून त्यानं फाटकापर्यंत नेलं, आणि त्याच्या डोळ्यांदेखत तिचे डोळे विझले, ती वळली. दुसऱ्यांदा त्यानं तिला कवेत धरून ठेवलं, तर त्यालाच फरपटत नेण्याइतकं बळ तिच्या अंगात आलं.

मागचं दार वाजलं. या वेळी कधीच वाजत नसे.

"चहा... मिळेल का?"

तिनं नवऱ्याचं मनगट घट्ट पकडलं. "गुरू, नको... बोलू नकोस."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. "आई वाट बघतेय तुझी," तो म्हणाला. मग दाराकडे तोंड करून, अगदी साध्या आवाजात, "आणतो."

समीक्षाचे पाय हलके झाले. ती धावत सुटली. कडी उघडली, रस्ता लागला.

आईनं तिला ओळखलं. पहाटे आई गेली तेव्हा तिचा हात समीक्षाच्या हातात होता. अंत्यविधी आटोपल्यावर सुदेश म्हणाला, "ताई, राहा इथंच." ती राहिली नाही. गुरुदत्त दोन दिवस फोन उचलत नव्हता.

तिसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत ती घरी पोचली. तो फाटकाच्या आत उभा होता, दाढी वाढलेली, दोन्ही हातांत ट्रे.

"आत येऊ नकोस," तो म्हणाला. "तू सुटलीस. तेवढं पुरे आहे मला."

"तुला टाकून कुठं जाऊ?" तिनं कडी काढली आणि आत पाऊल टाकलं.

त्यानं डोळे मिटून घेतले. ट्रेमध्ये दोन कप चहा होता. शेजारी एक छोटी वाटी.

"तू येणार हे मला माहीत नव्हतं," तो हळूच म्हणाला. "पण सकाळीच त्यांनी दोन चहा सांगितले... आणि वाटीभर दूध."

"दूध कुणाला?"

"विचारलं नाही मी." तो मागच्या खोलीकडे चालू लागला होता. "जास्त गरम नको म्हणाले. कोवळी जीभ भाजेल म्हणाले."