जागा आहे का?

हे खरं आहे. शपथा घेत बसणार नाही. ज्याला हसायचंय त्याने खुशाल हसावं. फक्त आमच्या घरी यावं आणि माझ्या बहिणीच्या तोंडावर हसून दाखवावं.

ताई माझी सख्खी मोठी बहीण. परदेशात शिकायला होती. शिकायला म्हणजे काय, ते नातेवाइकांना फोटोतून दिसत नाही. सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत हमाली. वाफेच्या इस्त्रीने मनगटावर पडलेले डाग अजून तसेच आहेत.

तिच्या पाठोपाठ आमची मामेबहीण तिथे गेली. बारकी. अंगाने काडी, जीभ मात्र हातभर. ती निघाली तेव्हा मामीने ताईला फोनवर एवढंच सांगितलं होतं, "तू आहेस म्हणून पाठवतेय. पोर तुझ्या पदरात घातलीय."

त्या शनिवारी लाँड्रीचा बॉयलर बंद पडला. सुपरवायझरने सगळ्यांना घरी पिटाळलं. कधी नव्हे ती सुट्टी! गेटवर तिघं उभे. ताई, बारकी आणि मालक. मालक म्हणजे त्यांच्याबरोबर काम करणारा, आपल्याकडचाच एक मुलगा. त्याच्याकडे एक खटारा गाडी होती आणि ती चालवताना ऐट अशी, जणू रस्ता याच्या नावावर आहे.

"समुद्रावर जाऊ," बारकी म्हणाली. "तंबू ठोकू. उद्या परत."

"तंबू काय तुझ्या बापाने पाठवलाय?"

"बापाने गाडीसकट तुला पाठवलंय. चल, स्टार्टर मार."

हॉस्टेलच्या तळघरात जुन्या पोरांनी टाकलेला एक तंबू आणि स्लीपिंग बॅगा होत्या, त्या उचलल्या. तिथेच अंडी उकडून घेतली, वाटेत पाव घेतले. कुणाला सांगितलं नाही, काही ठरवलं नाही. निघाले.

किनारा रिकामा होता. हंगाम संपला होता. आइस्क्रीमच्या टपरीला कुलूप. लांबपर्यंत एक माणूस नाही, एक कुत्रं नाही.

तंबू उभा करेपर्यंत सूर्य टेकला. लाँड्रीतून आणलेली फाटकी चादर पसरून तिघं जेवायला बसले.

तेव्हा ती दिसली...

पाण्यात एक बाई उभी होती. नडगीएवढ्या पाण्यात. तोंड यांच्याकडे.

वारा इतका होता की चादरीच्या कोपऱ्यांवर दगड ठेवावे लागले होते. तिचे केस मात्र... हलत नव्हते.

आता आमच्या घरची एक सवय सांगतो. आईने ती आम्हाला दूधभाताबरोबर भरवली. आपण जेवत असताना समोर कुणीही आलं, मीटर बघणारा आला, कुरिअरवाला आला, तरी बोलवायचं. 'या, जेवायला बसा.' तो नको म्हणतो, विषय संपतो.

ताईच्या तोंडात घास होता. तिने तसाच हात हलवला.

"या ना! बसा, दोन घास खा!"

मालक फिस्सकन हसला. "अगं, इथे कुणाला कळतंय तुझं?"

"आत्याने शाखा उघडलीय इथे," बारकी म्हणाली. "आता अंडी संपणार."

ताईही हसली. हसतच तिने परत पाण्याकडे पाहिलं.

पाण्यात कुणी नव्हतं.

अंधार पडला तसे ते तंबूत शिरले. चेन ताईने स्वतः लावली, आतून. एका कडेला मालक, दुसऱ्या कडेला ताई, मध्ये बारकी. मालक पडल्या पडल्या घोरायला लागला. बारकीने त्याला दोन लाथा घातल्या आणि तीही झोपली.

ताईचा डोळा लागत होता.

आणि लाटांचा आवाज थांबला.

कमी नाही झाला. थांबला. कुणी मशीनचं बटण बंद करावं तसा.

मग... टप. टप. टप.

हा आवाज ताईच्या रोजच्या ओळखीचा होता. मशीनमधून काढलेली चादर हातात उचलली की असंच पाणी गळतं.

आवाज तंबूच्या भोवती फिरला. तिच्या डोक्याशी आला. तिथेच थांबला.

"जागा आहे का?"

आपल्या भाषेत... स्वच्छ. एसटीत बाजूला उभी असलेली बाई विचारते ना, तसं. थकलेलं, साधं.

आणि ताई अर्धवट झोपेत बोलून गेली, "आहे की. या."

बोलली आणि खडबडून जागी झाली. पण उठता येईना. बोट हलेना. जीभ टाळूला चिकटलेली.

चेन उघडल्याचा आवाज आला नाही. तरी कुणीतरी आत आलं. खारट, कुजकट वास. ओले केस तिच्या मनगटावर, बरोबर त्या भाजलेल्या डागांवर पडले.

तिच्या आणि बारकीच्या मध्ये कुणीतरी आडवं झालं.

"ताई..." बारकी झोपेत पुटपुटली. "कोण सरकवतंय गं मला?"

ताईला ऐकू येत होतं सगळं. बोलता येत नव्हतं.

"ताई, अजून किती सरकू?"

आवाज आता लांबून आला. तंबूच्या कापडापलीकडून. ताई सगळा जीव गोळा करून ओरडत होती आणि तिच्या तोंडातून श्वाससुद्धा निघत नव्हता.

"ताई... पाणी आहे गं इथे."

आणखी लांबून.

मग अगदी बारीक, "ताई... मी आता झोपू कुठे?"

उजाडलं तेव्हा ताईचं अंग सुटलं. मालक घोरत होता. चेन आतून लावलेली होती. बारकीच्या स्लीपिंग बॅगमध्ये ओली वाळू भरलेली होती. माणसाने कुशीवर झोपावं, त्या आकारात.

ताई चेन फाडून बाहेर आली.

चांगलं लख्ख ऊन. समोर पाण्यात बारकी उभी होती. नडगीएवढ्या पाण्यात. तोंड यांच्याकडे. केस हलत नव्हते.

ताई धावली. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. बारकी मात्र तेवढ्याच अंतरावर, नडगीएवढ्याच पाण्यात. ताईच्या नाकात पाणी गेलं तेव्हा मालकाने मागून केस धरून तिला ओढलं. तिने परत पाण्याकडे पाहिलं.

कुणी नव्हतं.

पोलिसांनी ताईला कॉफी दिली. "मैत्रीण पोहायला गेली असेल," म्हणाले. "मग चेन परत आतून कुणी लावली?" ताईने विचारलं. "तुम्ही धक्क्यात आहात," म्हणाले. शोधलं त्यांनी. बोटी फिरवल्या. एक चप्पल सापडली नाही. मग कागदावर 'बुडाली' लिहिलं आणि मोकळे झाले. परक्याची पोर! कुणाला काय पडलंय.

मामीला फोन ताईनेच केला. मामी रडली नाही. एवढंच म्हणाली, "तू कुठे होतीस?"

ताई म्हणाली, "शेजारी."

ती शिक्षण सोडून परत आली. मालक तिचा फोन उचलत नाही. आता ताई कुणाला 'या' म्हणत नाही, 'बस' म्हणत नाही. जेवताना दार लावून घेते. नातेवाईक म्हणतात, परदेशात राहून माजली. म्हणा. तुमच्या जिभेला हाड नाही, हे आम्हाला आधीपासून ठाऊक आहे.

हे सगळं इथेच संपलं असतं तर मी लिहायला बसलो नसतो.

गेल्या महिन्यात, भर दुपारी आम्ही जेवत होतो. आई, ताई आणि मी. तिघंच. शेजारी मिक्सर चालू होता, खाली कुणीतरी स्कूटर रेस करत होतं.

दोन्ही आवाज एकदम थांबले.

ताईचा हात ताटातच राहिला.

दाराबाहेर... टप. टप. टप.

आमच्या गावापासून समुद्र राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला आहे.

"आत्या... जागा आहे का?"

तो बारकीचा आवाज होता. मी तिला कडेवर घेऊन फिरलोय, मला तो आवाज कळतो.

आईचा चेहरा असा उजळला, की काय सांगू. बारकी गेल्यापासून तिला असं पाहिलं नव्हतं. तिने दाराकडे मान वळवली आणि तोंड उघडलं.

ताईने ताट उडवून दिलं आणि आईच्या तोंडावर हात दाबला.

आई झटापट करत होती. ताईच्या हाताला कडकडून चावली. रक्त आलं. ताईने हात काढला नाही. मी उठायला गेलो. पाय हलेनात.

"आत्या?" बाहेरून आवाज आला. "पाय भरून आलेत गं. किती दिवस उभी आहे मी."

आईच्या डोळ्यांतलं पाणी ताईच्या बोटांवरून वाहत होतं. ताई मुकाट रडत होती आणि हात आणखी घट्ट दाबत होती.

किती वेळ गेला माहीत नाही. मिक्सर परत सुरू झाला.

दार मी उघडलं. पायपुसण्यावर ओली वाळू होती. त्यात दोन लहान पावलं. बोटं आत, आमच्या घराकडे.

"माझ्या भावाची पोर दारात उभी होती," आई ताईला म्हणाली. त्यानंतर ती ताईशी एक शब्द बोललेली नाही.

आता आई जेवायला दाराकडे तोंड करून बसते. कितीही सांगा, जागा बदलत नाही. ताई तिला खेटून बसते, डावा हात मोकळा ठेवून.

आणि मी ताटाकडे बघत नाही. आईच्या ओठांकडे बघत असतो.