पायाळूची लाथ

पुंजारामला मेळघाटातली, सेमाडोहापलीकडची हाडं बसवणारी कोरकू म्हातारी गाठायची होती, डाव्या खांद्यासाठी. तो हात उचलत नाही तोवर मृदंग मुका, आणि मृदंगावाचून कीर्तन म्हणजे तेलावाचून समई!

विलायतेला कापूस हवा म्हणून सारा वऱ्हाड गाड्या जुंपून धावत होता. त्या धावपळीत अमरावतीच्या वाटेवर भरल्या गाडीवरून तो खांद्यावर आपटला, त्यालाही आता वर्ष होत आलं. कळ काही जाईना. गावानं कारणं मात्र पोटभर शोधली. बायको जमुना म्हणे, शीर आखडली. शेजारचा भगवंतराव म्हणे, हाडात वारा शिरला. शेवटी ठरलं, उसण भरली! उसणीवर पायाळूची लाथ हवी. आणि गावात पायांकडून जन्मलेला एकच, पुंजारामचा जिवलग टाळकरी नत्थुजी. त्यानं विठ्ठलाचं नाव घेऊन, जीव ओतून त्याच खांद्यावर लाथ हाणली होती.

आता तोच कुऱ्हाड घेऊन पुढं चालला होता.

"काहून रे, दमला काय?" त्यानं मागं वळून विचारलं.

"तुह्या बडबडीनं दमलो!"

सिपना नदी ओलांडताना पाणी छातीला लागलं. पलीकडे उभा कडा, बांबूची दाट बेटं आणि एका अंगाला खोल दरी. अर्ध्या चढावर झाडीतून अस्वल उठलं! नत्थुजी मागं सरला. पायाखालची दरड सुटली. कुऱ्हाड खणखणत खाली गेली, अस्वल बुजून पळालं, आणि नत्थुजी लोंबकळला! पुंजारामनं उजव्या हातानं मूळ धरलं, डावा खाली टाकला. मनगट सापडलं. खांद्यात आग पेटली.

"सोड मले, पुंजा! तूबी मरशील!"

"चूप! विठ्ठल म्हन!"

ओढला. वर आणलाच!

झोपडीत पोचल्यावर म्हातारीनं खांदा चाचपला आणि ती कोरकूत बोलली. डोंगरातून लाकडं वाहून पुंजारामला ती बोली समजे, नत्थुजीला नाही.

"आजचा ताण उतरेल. जुनं नाही जायचं. पडलास तेव्हा सांधा नुसता निखळला होता, तेव्हाच बसला असता. नंतर कुणीतरी त्याच्यावर घाव घातला. हाड फुटलं, वाकडं जुळलं. कोण तो वैरी?"

पुंजारामनं नत्थुजीच्या पायांकडं पाहिलं.

"काय म्हन्ते बुडी?" नत्थुजीनं विचारलं.

"उशीर झाला म्हन्ते. पडलो, त्याचंच हाय."

उतरणीला नत्थुजी म्हणाला, "पुंजा, मले वाटते, माही लाथच हलकी पडली. घरी गेल्यावर आनखी एक हानू काय? चांगली जोरात!"

पुंजाराम हसला. एवढं कडू हसणं त्याच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

"नको गड्या. तू टाळ सांभाळ. मृदंग रामरावले देऊन टाकू, तो वाजवीन कीर्तनात."