चौथी भेग

ठेकेदार वारला त्याला आठ महिने झाले, तरी त्याची अनामत कचेरीत अडकूनच होती. त्याने बांधलेल्या वाचनालयाला वर्षभराची हमी, आणि तीन भिंतींना भेगा. त्या बुजवून शुक्रवारी पाचच्या आत दाव्यावर सही केली नाही, तर अनामत जप्त, अशी नोटीस, सोबत भेगांची यादी, त्याच्या बायकोला आली. गवंडी लावायला तिच्याकडे दमडी नव्हती. घरभाडं थकलेलं.

मंगळवारी ती कचेरीतल्या इंजिनियरबरोबर वाचनालयाच्या पाहणीला गेली, तर काय! दोन भेगा बुजलेल्या, गिलावा अजून ओला.

"वहिनी, माणूस लावलात ते कळवायचं तरी!"

ती वाकून कोपऱ्यात बघत होती. तिथं अंगठ्याचा ठसा होता, मधोमध तिरका व्रण. काम मनासारखं झालं की ठेकेदार असाच अंगठा दाबायचा. ठशाजवळ नेलेलं बोट तिने मागे घेतलं. भीतीनं नव्हे हो, आठवणीनं.

"तिसरी झाली की यादी संपली. सही करा, पैसे घ्या, फाइल बंद."

"आणि यादी संपलीच नाही तर?"

"अहो, असं कोण विचारतं!"

पण तिला कळून चुकलं होतं. यादी संपली की त्याचं येणं संपलं.

तिच्या स्वयंपाकघरात ओट्यामागे बारा वर्षांची भेग होती. "लोकांच्या भिंती चकाचक, घरची मात्र तशीच," ती टोमणा मारायची. "उद्या करतो गं," तो म्हणायचा. संध्याकाळी तिने यादीच्या आपल्या प्रतीवर खाली लिहिलं: चार, आमचं स्वयंपाकघर. मग स्वतःलाच हसली. वेडी कुठली!

शुक्रवारी तिसरीही बुजल्याचा निरोप आला. चार वाजता ती शिवणकामावरून कागद घ्यायला घरी आली. कुलूप जसंच्या तसं. आत ओल्या सिमेंटचा वास.

ओट्यामागची भेग नव्हती. खाली ठसा होता.

"आलात एकदाचे," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

तिने ठशात आपला अंगठा ठेवला.

गिलाव्याआडून कुणीतरी हलकेच दाबलं.

फोन वाजला. तिने डाव्या हाताने उचलला.

"वहिनी, पाचला खिडकी बंद होते! निघालात ना?"

"मी घरीच आहे," ती म्हणाली.

गिलावा सुकत चालला होता. तिने अंगठा काढला नाही.