शेषबल

हिमरेषेजवळच्या तळावरच्या प्रयोगशाळेत हवालदार संपत खुटवड दुसऱ्यांदा फिरत्या धावपट्ट्यावरून खाली कोसळला आणि यंत्राने दुसऱ्यांदा शून्य दाखवलं. वरच्या चौकीत नाईक दिनकर जाधवर आणि दोन जवान विरळ हवेच्या दुखण्याने धापा टाकत पडले होते. वादळात हेलिकॉप्टर उडत नव्हतं. प्राणवायूच्या नळकांड्या पाठीवर घेऊन कुणीतरी चालत जाणं एवढाच उपाय होता, आणि चाचणीत नापास झालेल्याला तळाबाहेर पाऊल टाकायची बंदी होती.

"मॅडम, मी आजवर एकही धाव अर्धी सोडली नाही," संपत जमिनीवरूनच म्हणाला.

"तिथंच घोडं अडलंय," मेजर मृणाल खरवंडीकर म्हणाल्या. यंत्र त्यांनीच घडवलेलं होतं. "आपण संपलो असं माणसाला वाटतं, तेव्हा स्नायू संपलेले नसतात. मेंदू आधीच लगाम खेचतो, थोडं बळ मागे ठेवतो. ते शेषबल. तुम्ही थांबलात की विजेचा हलका झटका देऊन हे यंत्र ते मोजतं. माणूस जिवंत परत येतो तो त्याच्या जोरावर. तुमच्याकडे काही उरतच नाही, खुटवड."

जुनी धावण्याची चाचणी बंद झाल्यापासून सरावात एकही जवान दगावला नव्हता, त्यामुळे मॅडमशी वाद घालायची सोय नव्हती. जुन्या चाचणीत संपतच्या पलटणीची वेळ शेवटच्या जवानावरून धरत. मग ज्याच्या अंगात दम असेल तो मागे पडलेल्याची रायफल घ्यायचा, पिशवी घ्यायचा, शेवटी त्यालाच ओढत आणायचा. संपतने वर्षानुवर्षं हेच केलं, आणि बहुतेक वेळा ओढून आणलेला माणूस दिनकर असायचा. संपतच्या मेंदूला लगामाची सवय राहिली नव्हती ती अशी.

त्याने हातापाया पडून तिसरी संधी मागितली. मॅडमनी हळूच सुचवलं, की जरा लवकर थांबा. संपतने मनाशी ठरवलंही होतं, पण पट्ट्यावर चढताच दिनकरचा निळा पडलेला चेहरा डोळ्यांपुढे आला आणि पाय काही केल्या थांबेनात. पुन्हा शून्यच आलं.

शेवटी सर्वाधिक शेषबल असलेल्यांची तुकडी गेली आणि खिंडीतूनच परतली. पोरं कामचुकार नव्हती. पुढे एक पाऊलही टाकवत नव्हतं, असं ती रडत सांगत होती आणि ते खोटं नव्हतं. मॅडमनी त्यांना यंत्रावर बसवलं. प्रत्येकाच्या अंगात चौकीपर्यंत जाऊन यायला पुरेल इतकं बळ शिल्लक होतं.

मॅडमचा चेहरा उतरला. "ज्यांचा लगाम लवकर बसतो, त्यांनाच मी उत्तीर्ण करत आले," त्या म्हणाल्या.

संपतने नळकांड्या पाठीवर बांधल्या. या वेळी त्याला कुणी अडवलं नाही.

खिंडीनंतर त्याला फारसं काही कळत नव्हतं. शेवटचा चढ तो रांगत चढला. चौकीचं दार त्याने डोक्याने ढकललं. प्राणवायू मिळाल्यावर दिनकरच्या ओठांवर रंग आला, आणि संपतला रडू फुटलं. आपण जिंकलो असं त्याला वाटलं. पण नळकांड्या सकाळपर्यंतच पुरणार होत्या, आणि तिघांपैकी एकालाही उभं राहता येत नव्हतं. तेवढ्यात बिनतारी यंत्रावर मॅडमचा आवाज आला.

"खुटवड, त्यांना घेऊन कधी निघताय?"

संपत उठायला गेला. पाय आपले नसल्यासारखे पडून राहिले. हाताची मूठही वळेना.

"माझ्यात काही उरलं नाही, मॅडम," तो म्हणाला. "कुणाला तरी पाठवा."



"पाठवते," मॅडम म्हणाल्या. "तुकडी तयार आहे."

तुकडीत कोण असणार हे संपतला ठाऊक होतं. खिंडीतून परतलेली तीच पोरं जिवाच्या आकांताने निघतील, पुन्हा खिंडीपर्यंत येतील आणि सुखरूप परत जातील.

"कोण येतंय रे?" दिनकरने विचारलं.

"येतायत," संपत म्हणाला, आणि त्याने कोपराने बिनतारी यंत्र बंद केलं.