माडीवरच्या खोलीतला कूलर

दोन हजार बावीस सालचा एप्रिल होता. बाभुळगावात त्या वर्षी ऊन असं तापलं होतं की भरदुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नसे. तशा उन्हात नयन गावंडे भांड्यांच्या दुकानात बादली घ्यायला गेली. निळी बादली एकच उरली होती, आणि तिच्या कडीवर आधीच एक हात होता – लांब बोटांचा, उन्हानं रापलेला.

"घ्या तुमी," तो तरुण म्हणाला, पण कडी काही सोडली नाही. "माह्या घरमालकाले लाज असती तर मले इथं यावं लागलं नसतं. खोली भाड्यानं देते अन् साधी बादली देत नाही. सांगा, घरमालकानं इतकं तरी द्याले पायजे का नाही?"

घरमालक कोण, असं नयननं शांतपणे विचारलं. बबनराव गावंडे, त्यानं सांगितलं. कालच त्यांची माडीवरची खोली घेतली. मग मालक दिसायलाच कसा चिंगूस आहे, खोलीत खिळासुद्धा कसा मोजून ठोकलाय, हे तो रंगवून सांगत राहिला. नयननं सगळं ऐकून घेतलं.

"त्याहिची पोरगी बरी हाय म्हणते," ती शेवटी म्हणाली. "तीच आली बादली घ्याले. तुमच्याच खोलीसाठी."

कडी त्याच्या हातातून सुटली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या… आणि नयनला उगाचच वाटलं, हा माणूस चांगला आहे.

त्याचं नाव राजकुमार पवार. दारव्ह्याकडचा, बियाण्यांच्या कंपनीत शेतोशेती फिरायची नोकरी. पवार आडनाव काय, दहा जातींत असतं. कुणी पुढं विचारलं नाही.

बबनरावांचं मत ठाम होतं. दिवा, पाणी आणि आतून लागणारी कडी, एवढं मालकानं द्यावं. बाकी संसार ज्याचा त्यानं आणावा. पण नयनची आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे घरात लेकीचंच चालायचं. बादलीमागून माडीवर खाट गेली, पाठोपाठ खुर्ची, आणि एक दिवस मधल्या खोलीतला पत्र्याचा कूलरसुद्धा. त्याच्या वाळ्याच्या ताट्या नयननं स्वतः बदलल्या.

"पोरी, हे भाड्यानं देणं हाय का आंदण?" बबनरावांनी विचारलं.

रोज संध्याकाळी कूलरमध्ये पाणी टाकायला नयनच जायची. ओल्या वाळ्याचा वास खोलीभर पसरायचा. राजकुमार उगाच म्हणायचा, आज हवा कमी येते, पाणी थोडं आणखी पायजे. ती म्हणायची, उद्या नदीच आणते. तो हसायचा… आणि पायऱ्या उतरताना तिचे पाय जमिनीला लागत नसत.

एका संध्याकाळी ती गच्चीवर वाळलेल्या कुरड्या गोळा करत होती. खोलीत राजकुमार फोनवर बोलत होता. कूलरच्या घरघरीत बाकीचं कळेना, पण एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता. येडी… येडी… आणि आवाज कसा, तर लोण्यासारखा. मधेच तो लाडानं हसला. माणूस असं कुणाला येडी म्हणतो, हे बाविसाव्या वर्षी नयनला कुणी सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यानं आणखी एक खाट मागितली. आणि एक मोठा आरसा.

"कोण येऊन राह्यलं?"

त्यानं तिच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि गालात हसला. "हाय एक. लय जवळची. तिले ऊन सहन होत नाही. कूलर हाय म्हणून बरं."

कापसाच्या गंजीत आत ठिणगी पडावी आणि बाहेरून काही दिसू नये, तसं नयनचं झालं. ती येडी तिला दिसू लागली – आरशासमोर केस मोकळे सोडून उभी, आणि मागून वाळ्याचा गार वारा. आपण बांधलेल्या ताट्यांचा वारा!

कूलर त्याच दिवशी खाली आला. मोटर जळाली, नयननं सांगितलं. पाहुणे यायचेत म्हणून खाट गेली. मोठ्या आरशाऐवजी न्हाणीतला तडकलेला आरसा वर पोचला. राजकुमार दोन दिवस घामानं निथळला, मग जिन्यात तिच्यासमोर उभा राहिला.

"काय चुकलं माह्यं?"

"घरमालकानं काय काय द्याचं असते? दिवा, पाणी, कडी. हाय ना ते?"

"हाय," तो म्हणाला. "मंग मी दुसरी खोली पाहतो. राळेगाव रोडले एक हाय."

हवं होतं ते झालं होतं. तरी त्या संध्याकाळी नयननं पोळ्या लाटता लाटता दोनदा डोळे पुसले, आणि कांदा चिरलेलाच नव्हता.

रविवारी तो सामान न्यायला ऑटो घेऊन आला. ऑटोतून एक बाई उतरली. अंगात बंजारा बायका घालतात तशी आरशांची कांचळी, केसांत चांदीची घुगरी-टोपली, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. यवतमाळहून मोतीबिंदूचं ऑपरेशन करून थेट इकडे आलेली. ती पडवीशी थांबली, तसा राजकुमार वरून ओरडला, "याडी, उन्हात नको उभी राहू!"

नयनच्या हातातला झाडू तसाच राहिला. "तुमी… येडी?"

ती बाई म्हणजे हंसाबाई. त्या पोट धरून हसल्या. "येडी नाही व बाई, याडी. आमच्या गोरबोलीत आईले याडी म्हणते. मी याची याडी. येडा हा हाय."

नयन तडक आत गेली आणि कूलर ओढत बाहेर आणू लागली.

"मोटर जळाली होती न?" बबनराव म्हणाले.

"विझली," नयन म्हणाली.

एका बाजूनं तिनं, दुसऱ्या बाजूनं राजकुमारनं धरून कूलर जिन्यात चढवला. मधल्या पायरीवर तो थांबला.

"तुमचं तोंड उतरलं होतं न त्या दिवशी… मले बरं वाटलं. म्हणून सांगतलं नाही."

"अन् राळेगाव रोडची खोली?"

"तिथं सगळं हाय. कूलर, आरसा, दोन खाटा." तो तिच्याकडे पाहत राहिला. "घरमालकाची पोरगी नाही."

नयननं मान खाली घातली. "मंग राहा इथंच. पण फोनवर कोणाशी इतकं गोड बोलाचं नाही… याडी सोडून."

हंसाबाईंचा डोळा त्या उन्हाळ्यातच बरा झाला. त्या तांड्यावर परतल्या. सोयाबीन आणि तूर अजून स्वतः पाहतात. जातीचं कळल्यावर बबनराव वर्षभर लेकीशी धड बोलले नाहीत. शेवटी हंसाबाईच येऊन त्यांच्या पडवीत बसल्या, आणि चहा झाल्याशिवाय उठल्या नाहीत. चोवीस सालच्या फेब्रुवारीत लग्न झालं. माडीवर आता दोन नर्स राहतात. बबनरावांनी त्यांना आपण होऊन गॅसची शेगडी दिली, आणि त्यांच्या हसण्याचा त्रास होतो म्हणून रोज कुरकुरतात.

राजकुमारची बदली पांढरकवड्याला झाली. नयन आणि तो केळापूरच्या बाजूला भाड्यानं राहतात. घरमालकीण मोठी सढळ हाताची. तिची भाची कॉलेजात जाते, दिसायला देखणी आहे, आणि परवा ती हसतहसत नवा माठ घेऊन आली. नयननं माठ दारातच घेतला, तोंडभरून आभार मानले, आणि दार लावून आतून कडी घातली.