हरवलेली पहिली ओळ

तेजस प्रधानांच्या आठवणी त्यांच्या मेंदूत सुखरूप परतल्या, तेव्हा कालिंदी सबनीसचा ऊर अभिमानाने भरून आला. स्मृतिपेढीत बाकी सगळ्यांचं काम यंत्रं करत. ही एकटी आजीच्या जमान्यातल्या पीएचपी भाषेत स्वतःच्या हाताने प्रोग्रॅम लिहायची, आणि चारचौघांत सांगायचीही.

मेंदूच्या मोठ्या शस्त्रक्रियेआधी माणसाच्या आठवणी पेढीच्या डेटाबेसमध्ये उतरवून ठेवत. एक आठवण म्हणजे एक ओळ. ओळ एकदा वाचली की पेढीतून पुसली जाई. म्हणून वाचलेली प्रत्येक ओळ लगेच ‘ॲरे’त, म्हणजे क्रमवार कप्प्यांच्या फडताळात ठेवायची आणि मग ते अख्खं फडताळ मेंदूत रिकामं करायचं. क्रम जिव्हाळ्याचा, सर्वांत लाडकी आठवण सर्वांत आधी.

"मग पहिल्या कप्प्यात मीच असणार!" तेजसरावांची बायको सानिकाताई ऐटीत म्हणाल्या. "पंचेचाळीस वर्षं संसार केलाय, गंमत नाही. बघून सांग ना गं."

कालिंदीने हसत आकडे उघडले. पेढीतून चाळीस हजार तीनशे सोळा ओळी निघाल्या होत्या. फडताळात एक कमी होती.

चूक तिला तत्काळ उमगली. काही हाती लागतंय ना, या खात्रीसाठी तिने आज आयत्या वेळी प्रोग्रॅमला आधी एक ओळ नुसती काढायला लावली होती, तीत काय आहे ते न बघताच. भात शिजला का ते बघायला चेपलेलं शीत काही पुन्हा पातेल्यात जात नाही. कप्पे भरायला सुरुवात झाली ती थेट दुसऱ्या ओळीपासून.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "ताई, पहिली आठवण गेली. माझ्याच हातून. ती कुठली होती, ते आता कुणालाच कळणार नाही."

सानिकाताई ताठ मानेने खाटेकडे निघाल्या. "कळणार कसं नाही? माझ्याबद्दलचं जे याला आठवणार नाही, तीच ती."

त्या नवऱ्याशेजारी बसल्या. "तेजस, आपण पहिल्यांदा कुठे भेटलो?"

"सांगलीच्या नाट्यगृहात. माझ्या खुर्चीवर बसली होतीस आणि वर माझ्याशीच भांडलीस."

"मुलगी झाली तेव्हा काय आणलं होतंस?"

"कंदी पेढे. निम्मे वाटेत मीच खाल्ले."

सानिकाताई विचारत गेल्या. घर, आजारपणं, रुसवेफुगवे. एक तरी उत्तर चुकावं म्हणून त्या जिवाच्या आकांताने विचारताहेत, हे कालिंदीला दिसत होतं. तेजसरावांचं एकही चुकलं नाही.

"बघ, तुझं काही म्हणजे काही विसरलो नाही!" ते अभिमानाने म्हणाले.

सानिकाताईंनी तोंड फिरवलं.