सापगावच्या कोठारातली नऊशे पोती

सापगावचं सरकारी कोठार भर दुपारी पेटलं. फौजदार चित्रे शहापुराहून पोचेपर्यंत गावाने गुन्हेगार ठरवूनही टाकला होता.

राखणदार बारकू आंब्याला बांधलेला होता. त्याचा उजवा हात कोपरातून लोंबत होता. भोवती खवळलेली पन्नासेक माणसं, आणि त्यांच्यापुढे कोठाराचे कारकून सावळाराम.

"विडी ओढत बसला होता, साहेब. नऊशे पोती तांदूळ गेला! उद्या मुरबाडला गाड्या भरायच्या होत्या."

१९४४ सालचा तो एप्रिल. लढाईमुळे धान्य रेशनवर आलेलं. पावसाळ्यात मुरबाडकडच्या आडगावांच्या वाटा तुटतात, म्हणून चार महिन्यांचा तांदूळ आधीच पोचवावा लागे. तोंडं किती, आठवडे किती, याचा अंदाज सावळारामांनीच दिवाळीत बांधला होता. नऊशे पोती. आठ दिवसांपूर्वी मामलेदारांनी येऊन थप्प्या मोजल्या, त्या बरोबर भरल्या, आणि सावळारामांची पाठही थोपटली गेली.

"सोडा त्याला," चित्रे म्हणाले.

"मंग आमच्या पोटाला तुमी घालनार?" गर्दीतून आवाज आला. पाठोपाठ एक ढेकूळ फौजदारांच्या खांद्यावर फुटलं.

बारकूची बायको मैना पुढे आली. "तो हंडा घेऊन इझवायला धावला. इडी वढतच नाय तो. दमा हाय त्याला."

चित्र्यांनी स्वतः बारकूची दोरी सोडली आणि ते कोठारात शिरले. दाराजवळच्या थप्प्या वरून कोळसा झाल्या होत्या. काठीने उकरलं तर आत पांढरा तांदूळ अजून धुमसत होता. मागच्या अर्ध्या भागात मात्र नुसती करडी राख. काठी लागताच भुरभुर उडाली. दाणा एक नाही.

रस्त्यापलीकडे कुंडलिकशेठची भातगिरणी. कोठाराचं सगळं भात तिथेच भरडलं जाई. शेठ ओटीवर बसले होते. उठले नाहीत.

"बेचाळीस साली तुमच्याच लोकांनी मला आत टाकलं. पोलिसाशी मी बोलनार नाय."

"गिरणी बघू?"

"बघा की. राज तुमचंच हाय."

गिरणी बंद होती. इंजिनाशेजारी तेलाची चार पिंपं रिकामी पडली होती. आवारात गिरणीतली मजूरबाई सकुबाई सांडलेले दाणे पाखडत होती.

"एक पोतं तांदूळ निघायला किती वेळ लागतो, बाई?"

"अर्धा तास. एकच यंत्र हाय न्हवं."

"दिवसभर चालायचं?"

"उजाडल्यापासनं दिवेलागनीपर्यंत. बारा तास धरा."

"किती दिवस चाललं?"

"ईस. मंग तेल सपलं. आमच्या कामाचे दिस तेवढेच भरले."

चित्र्यांनी आवारावर नजर फिरवली. "तूस दिसत नाही कुठे. एवढं भात भरडलं, तर टेकडी व्हायला हवी."

"कोठाराच्या गाड्या आल्या व्हत्या. पोत्यांत भरभरून न्हेलं."

"आणि त्या गाड्या कोठारातून काय घेऊन जायच्या?"

"भात. उंबरमाळीकडं. आमाला काय, सरकारी काम."

चित्र्यांनी लगेच हवालदाराला उंबरमाळीला धाडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो खबर घेऊन परतला, तेव्हा त्यांनी गाव आंब्याखाली बोलावलं. लोक आले, पण डोळ्यांत अंगार घेऊन.

"सावळाराम, तुमचा अंदाज चोख होता," चित्रे म्हणाले. "मुरबाडला नऊशे पोतीच लागणार. आता गिरणीकडे बघू. तासाला दोन पोती, बारा तासांची चोवीस. वीस दिवसांची चारशे ऐंशी. उरलेली चारशे वीस कुणी भरडली?"

"गिरणीवाल्याला विचारा! त्यानेच चोरली असतील!"

"न भरडलेलं भात गिरणीवाला कसं चोरील? ते तुमच्या कोठारात होतं. आणि तुमच्याच गाड्यांतून ते उंबरमाळीला गेलं. रिकामी जागा तुम्ही तुसाच्या पोत्यांनी भरलीत. तांदूळ पुढे, तूस मागे. मामलेदारांनी थप्प्या मोजल्या, पोती उचलून पाहिली नाहीत. पण मुरबाडच्या गाड्यांत हमालांनी ती उचलली असती. म्हणून आदल्याच दिवशी कोठार पेटायला हवं होतं."

"कल्पना आहेत या तुमच्या!"

"मला तुमचा संशय राखेवरून आला नाही. गिरणी निम्म्यावर बंद पडली, तेव्हा तुम्ही गप्प बसलात त्यावरून आला. नऊशेचा अंदाज ज्याने बांधला, त्याने तेलासाठी कचेरीचा उंबरा झिजवला असता, दुसऱ्या यंत्रासाठी भांडला असता. काल संध्याकाळी मी कचेरीत पाहिलं. तुमचा एकही अर्ज नाही. गिरणी अपुरी पडलेलीच तुम्हाला हवी होती. आणि उंबरमाळीला एका झोपड्यात अजून दीडशे पोती भात आहे. झोपडीवाल्याने तुमचं नाव सांगितलंय."

सावळाराम मागे सरकले. मागे लोकच होते. काल बारकूवर उठलेले हात आता त्यांच्यावर उठले. हवालदार मधे पडला म्हणूनच ते बेडीत गेले.

"तेल आना," कुंडलिकशेठ ओटीवरूनच म्हणाले. "जेवढं भात हाय तेवढं भरडून देतो. मुरबाडसाठी. तुमच्यासाठी नाय."

चित्रे बारकूकडे वळले. त्याच्या हाताला कामट्या बांधल्या होत्या. माफीचे दोन शब्द त्यांनी जुळवले, पण मैनाने बोलू दिलं नाही.

"ऱ्हाऊ द्या, सायेब. लावनीला यो हात चालंल का, तेवडं सांगा."

चित्र्यांनी त्या हाताकडे पाहिलं. कोपर अजून सुजलेलं होतं, बोटं निळी पडली होती.

"नाही चालणार," ते म्हणाले.

मैनाने मान हलवली आणि नवऱ्याला घेऊन ती चालू लागली. गर्दी बाजूला झाली. वाट देताना एकानेही वर पाहिलं नाही.